पाण्यात उभे राहून तहानलेले झाड



२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात बडोदे शहरात विश्वामित्री नदीचे पाणी शिरले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. २६ ऑगस्टला, ऐन गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुसळधार पाऊस झाला. पावागडाकडून येणारी ही नदी एरवी शहरातून मुकाट्याने वाहते. पण आजवा सरोवराचे जादा पाणीही तिच्याच पात्रात येते. त्या आठवड्यात ती ३५ फुटांच्या वर गेली. नदीतल्या मगरी वस्तीत आल्या. आमच्या अंगणात तीन दिवस गुडघाभर पाणी होते.

अंगणात फळांनी लगडलेली एक पपई होती. शिवाय चिकू, कढीपत्ता आणि फाटकाजवळ एक जुना कडुनिंब. चौथ्या दिवशी पाणी ओसरले आणि कडक ऊन पडले. दुपारी पाहतो तो पपईची पाने मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबत होती. आम्हांला वाटले, उन्हाने झाड सुकले. आम्ही त्यास दोन बादल्या पाणी घातले. दुसऱ्या दिवशी पाने अधिकच मलूल झाली, तेव्हा आणखी दोन बादल्या घातल्या!

आमच्या गल्लीत बागकाम करणारे एक वयस्क माळीकाका येतात. त्यांनी ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. "भाऊ, तिला तहान लागली आहे हे खरे, पण ती तहान पाण्याने भागायची नाही. तिचा श्वास कोंडला आहे," असे म्हणून त्यांनी खोडापासून हातभर अंतरावर माती उकरली. एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढले, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. मूळ काळे पडले होते आणि त्यास गटारासारखी घाण येत होती.

पाण्यात उभे असलेले झाड तहानेने कसे मरते? हा प्रश्न आमच्या पपईपुरता नाही. वसईची केळीची वाडी असो, पादऱ्याची तूर असो की करजणचा कापूस असो, पावसाळ्यात शेतात पाणी तुंबले की हेच घडते आणि पुष्कळ जण आमच्यासारखीच चूक करतात. म्हणून झाडाच्या अंगात पाणी कसे चढते, ते आज थोडे सविस्तर पाहू.

पाणी आत कसे शिरते

मोठ्या झाडाची जाडजूड मुळे पाणी फारसे पीत नाहीत. ती झाडास धरून ठेवतात आणि आलेले पाणी पुढे पोचवितात. पाणी पिण्याचे काम मुख्यतः कोवळ्या मुळांचे. त्यांच्या टोकाच्या थोडे मागे केसांहून बारीक असे असंख्य तंतू असतात. त्यांस मूलरोम म्हणतात. मातीच्या कणांमधील फटींत घुसून ते पाणी घेतात. म्हणूनच मोठ्या आंब्याच्या बुंध्याशी पाणी ओतणे हा बहुतेक पाण्याचा अपव्ययच. दुपारी झाडाची सावली जिथपर्यंत पडते, तिच्या कडेकडेने आळे करावे. पिणारी तोंडे तिकडे असतात.

मुळाच्या पेशीत क्षार व साखर विरघळलेली असते. बाहेरच्या मातीतील पाणी त्या मानाने पातळ. पातळ बाजूचे पाणी दाट बाजूकडे जाते. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, ते याच कारणाने. उलट कैरीच्या फोडींना मीठ चोळले की फोडींतले पाणी बाहेर येते. हे गृहिणींस सांगावयास नको. पण तीच गृहिणी कुंडीतल्या गुलाबास मूठभर युरिया घालते आणि गुलाब जळाला म्हणून हळहळते! गुलाब जळत नाही, त्याचे लोणचे होते.

नत्र, पालाश यांसारखी अन्नद्रव्ये मात्र पाण्याबरोबर आपोआप आत वाहून येत नाहीत. मुळाच्या पेशी त्यांना निवडून, ओढून आत घेतात. त्यासाठी शक्ती लागते. ती शक्ती मूळ श्वासोच्छ्वासातून मिळविते. म्हणजे आपल्याप्रमाणेच प्राणवायू घेऊन आणि साखर जाळून. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

वर कोण चढवितो?

आत आलेले पाणी खोडातील जलवाहिन्यांत येते. या वाहिन्या पाहावयाच्या असतील तर पावसाळ्यात एक सोपा प्रयोग मुलांकडून करवून घ्यावा. तेरड्याचे एक कोवळे रोप मुळांसकट हळूच उपटून धुवावे आणि लाल शाई घातलेल्या पाण्याच्या पेल्यात उभे करावे. तेरड्याचे खोड काचेसारखे असते. काही तासांत त्यातून लाल रेघा वर चढताना दिसतात. खोड आडवे कापले तर लाल ठिपक्यांचे कडे दिसते. हीच त्या रोपाची जलवाहिन्यांची जुडी.

गंमत अशी की पूर्ण वाढलेल्या जलवाहिन्या जिवंत नसतात. पेशी मेल्या, आतला गर गेला, भिंती तेवढ्या राहिल्या, आणि त्यांची नळी झाली. मग या मेलेल्या नळ्यांतून पाणी चार मजले वर कसे जाते? आपल्या शरीरात रक्त ढकलण्यास हृदय आहे. झाडास हृदय नाही.

पंप वापरणाऱ्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे की विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप फार खोल गेलेले पाणी उचलू शकत नाही. पाणी खाली गेले की पंप विहिरीत उतरवावा लागतो. कारण ओढणारा पंप खरे तर हवेच्या वजनावर काम करतो आणि हवेचे वजन पाण्याचा सुमारे १० मीटरचाच स्तंभ तोलून धरते. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पण सयाजीबागेत गेलात (ही बाग सयाजीराव महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी केली) तर याहून कितीतरी उंच वृक्ष दिसतात आणि त्यांच्या शेंड्याची पानेही टवटवीत असतात.

या कोड्यावर मोठमोठ्यांनी डोके चालविले आहे. इंग्लंडातील टेडिंग्टन गावचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी कुंडीतले सूर्यफुलाचे रोप रोज वजन करून पाहिले. साडेतीन फुटांचे ते रोप दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस पाणी हवेत सोडीत होते. त्यांचे पुस्तक १७२७ साली निघाले. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी खोडातल्या जिवंत पेशी धडधडतात आणि त्यांच्या धडधडीने रस वर चढतो असे मत मांडले व १९२३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. बोस यांच्याविषयी आम्हांस अतिशय आदर आहे. पण या बाबतीत पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यांचे मत स्वीकारले नाही. जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी १८९० च्या सुमारास उंच ओक वृक्ष कापून विषारी द्रावणात उभा केला होता. विषाने खोडातल्या पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिले. पाने मेली तेव्हाच ते थांबले.

म्हणजे ओढणारा वर आहे. पानाच्या खालच्या बाजूस डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात, त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. एक थेंब वर गेला की त्याच्या मागचा थेंब ओढला जातो, कारण पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असतात. पानापासून मुळापर्यंत जणू पाण्याचा एक अखंड दोर असतो आणि सूर्य तो वरून ओढतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली हा विचार मांडला आणि आज तोच मान्य आहे. नळ्या अतिशय बारीक असल्याने आणि त्यांत हवा नसल्याने दोर तुटत नाही. हवेचा बुडबुडा शिरला तर मात्र ती नळी निकामी होते. गुलछडीचा दांडा फुलदाणीत ठेवण्यापूर्वी पाण्याखाली धरून पुन्हा कापावा असे सांगतात, ते याचसाठी. कापलेल्या तोंडाशी शिरलेली हवा त्या तुकड्याबरोबर जाते आणि फूल अधिक दिवस टिकते.

झाड जेवढे पाणी पिते, त्यातला शेकड्यात एकदोन भागच त्याच्या अंगी राहतो. बाकीचे सारे हवेत जाते. हा उधळेपणा वाटेल, पण हवेतून अन्न करण्यासाठी पानास दारे उघडावीच लागतात आणि दार उघडले की वाफ निघतेच. शिवाय त्यायोगे पान थंड राहते आणि मुळाने घेतलेले क्षार शेंड्यापर्यंत पोचतात.

मुळांस हवा हवी

आता पपईकडे वळू. दोर वरून ओढला जातो, पण खालचे दार जिवंत आहे. मूळ श्वास घेते, तोपर्यंतच ते दार नीट उघडे राहते. जमिनीत मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात, त्यांतल्या काहींत पाणी आणि काहींत हवा असली पाहिजे. आमच्या मराठी शेतकऱ्यांनी या स्थितीस एक अचूक शब्द दिला आहे: वाफसा. जमीन वाफशावर आली म्हणजे ढेकूळ हातात फुटते, नांगरास माती चिकटत नाही, आणि मुळांस पाणी व हवा दोन्ही मिळतात.

पुराचे पाणी साचले की या सर्व पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. जमिनीत शिल्लक असलेला प्राणवायू मुळे आणि सूक्ष्मजंतू मिळून एकदोन दिवसांत संपवितात. मग मूळ गुदमरते. त्याच्या पेशी आंबट होतात आणि पाणी आत घेणारी सूक्ष्म दारे मिटतात. भोवती पाणीच पाणी, पण आत यावयास वाट नाही. त्यात पाऊस थांबून ऊन पडले की वरची ओढ एकदम वाढते. वर खेच आणि खाली बंद दार, अशा कात्रीत झाड सापडते आणि माना टाकते. पपईसारखे नाजूक झाड एकदोन दिवसांच्या साचलेल्या पाण्यानेही मरते. आम्ही चार बादल्या ओतून तिचा उरलासुरला वाफसाही घालविला.

कापसात हेच फार वेगाने होते. पावसाने दीर्घ उघडीप दिली, मग जोराचा पाऊस झाला आणि लगेच कडक ऊन पडले, की पात्या-बोंडांनी भरलेली झाडे एका दिवसात मलूल होतात. यास आकस्मिक मर म्हणतात. हा बुरशीचा रोग नव्हे. गुदमरलेल्या मुळांमुळे झाडात इथिलीन नावाचा वायू वाढतो आणि पाने लोंबतात. कोबाल्ट क्लोराइड हे इथिलीन तयार होऊ देत नाही. म्हणून मर दिसताच एकदोन दिवसांच्या आत लिटरमागे १० मिलिग्रॅम या प्रमाणात त्याची फवारणी सुचविली जाते. मात्र हे औषध अंदाजपंचे वापरू नये. कृषी अधिकाऱ्यास विचारूनच घ्यावे.

बडोदे जिल्ह्याचा करजण-डभोईकडील कानम प्रदेश काळ्या कपाशीच्या जमिनीचा. ही माती पाणी धरते आणि सावकाश सोडते. हाच तिचा उन्हाळ्यातला गुण आणि पावसाळ्यातला अवगुण. रेताड गोराडू जमीन पाऊस थांबताच निथरते. म्हणून शेजारच्या गावात काही झाले नाही, आमच्याच शेतात कसे झाले, असा प्रश्न पडला तर आधी माती पाहावी. काळ्या जमिनीत तूर सपाट पेरण्यापेक्षा वरंब्यावर पेरणे शहाणपणाचे, कारण तुरीस साचलेले पाणी मुळीच सोसत नाही.

मग भात कसा जगतो, असे कोणी विचारील. भाताच्या अंगात पानापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ वाटा असतात. तो वरची हवा खाली नेतो. वसईच्या खाडीतील तिवरे चिखलातून बोटांएवढी मुळे वर काढून श्वास घेतात. पूर्ण बुडाल्यावर मात्र भातही मरतो. ओडिशातील एका जुन्या जातीत बुडूनही तग धरण्याचा गुण सापडला. तो आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने स्वर्णा जातीत आणला आणि २००९ साली 'स्वर्णा-सब १' ही जात आपल्या देशात प्रसारित झाली. हे भात सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहू शकते. त्याची युक्ती साधी आहे: ते बुडाल्यावर धडपडत उंच वाढत नाही, निपचित राहून साठविलेली साखर वाचविते.

सालीतून खाली येणारा रस

ही साखर येते कोठून? पानांतून. ती मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या निराळ्या. त्या लाकडात नसून सालीच्या आतल्या अंगास असतात आणि जिवंत असतात. इटलीतील माल्पिगी यांनी सतराव्या शतकातच झाडाच्या सालीचे कडे काढून पाहिले. कड्याच्या वरची बाजू फुगली, खालची तशीच राहिली. पानांतले अन्न खाली येताना अडले होते.

बडोदे हे नाव वडावरून पडले असे सांगतात, पण शहरातल्या झाडांस आपण काय वागवितो? संरक्षक जाळीची तार खोडात रुतलेली असते; तिच्या वर खोडास गाठ आलेली आपण पुष्कळदा पाहतो. ती गाठ म्हणजे अडकलेले अन्न. झाड हिरवे दिसते, कारण लाकडातून पाणी वर जातच असते. खाली मुळे मात्र उपाशी मरत असतात. सालीचे पुरते कडे काढलेले झाड काही महिने उभे राहते आणि मग एकाएकी वाळते. ज्यांस दुकानापुढील झाड नको असते, त्यांस ही विद्या बरोबर ठाऊक असते! खोडाला घट्ट चिकटून फरशी किंवा सिमेंट घालणे हा दुसरा प्रकार. त्यात मुळांची हवा बारमाही बंद होते. अशी अर्धमेल्या मुळांची झाडे पुराच्या ओल्या मातीत सर्वांत आधी कोसळतात.

पाणी ओसरल्यावर

माळीकाकांनी आमच्याकडून जे करवून घेतले आणि पुढे आम्ही जाणत्यांस विचारून पडताळले, ते असे. पहिले काम चर काढून साचलेले पाणी बाहेर घालविणे. कुदळ हाती घेण्यापूर्वी गमबूट घालावेत आणि पायावर जखम असेल तर चिखलात उतरूच नये, कारण पुराच्या चिखलातून लेप्टोचा ताप येतो. पुराचे पाणी लागलेली पालेभाजी कच्ची खाऊ नये.

चिखलात चालून माती आणखी दाबू नये. वर बसलेला गाळ बुंध्यापासून दूर सारावा. वाफसा आल्यावरच हलकी खुरपणी करून वरची पापडी फोडावी. लहान झाडास पाण्याऐवजी सावली द्यावी; गोणपाटाचा आडोसा केला तरी वरची ओढ कमी होते. फळांचा भार असेल तर काही फळे उतरवावीत.

पाने पिवळी पडली म्हणून लगेच जमिनीत युरिया टाकू नये. तुंबलेल्या जमिनीत नत्राचा बराच भाग वायू होऊन उडून जातो, हे पिवळेपणाचे एक कारण खरे. पण गुदमरलेले मूळ नवे नत्र घेऊ शकत नाही. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावा. पान ते शोषून घेते आणि सालीतल्या वाटेने ते झाडभर जाते. नवी पांढरी मुळे दिसू लागली की मगच जमिनीतून खत द्यावे.

आमची पपई वाचली नाही. आठव्या दिवशी तिचा शेंडा गळून पडला. कढीपत्त्याची निम्मी पाने गेली, पण दिवाळीनंतर त्यास फुटवे आले. चिकूस काही झाले नाही. कडुनिंबाभोवतीची फरशी आम्ही चारही बाजूंनी दोन-दोन फूट उखडून घेतली. नवी पपई आता दीड फूट उंच मातीच्या वरंब्यावर लावली आहे. माळीकाका येता-जाता तिच्या बुडाशी बोट खुपसून पाहतात आणि बादली आमच्या हातात दिसली की हाक मारून थांबवितात.